दादाचा आवाज

केशोरी, मंगळवार संध्याकाळ

वहिनी आज घर सोडून गेली. दादा वारल्यापासून ती आमच्यातच होती; उद्या देवरीला दुसरं लग्न करणार.

पिशवी घेऊन अंगणात आली, तर काकू वाटेत उभी राहून घुमू लागली. तिच्या अंगात नेहमी देवी येते. आज आवाज आला तो दादाचा. अगदी तोच, नाव लांबवणारा. "सुनीताऽ, मले सोडून कुठं जाऊन राहिली?"

मी देव मानत नाही, भूत तर नाहीच. तरी अंगावर काटा आला. तो आवाज! जमलेल्या बायका हात जोडून खालीच बसल्या.

वहिनी थांबली. "तुमी खरंच तेच असान, तर मले जाऊ द्यान. नसान, तर तुमचं मी काऊन आयकू?"

वहिनी काकूच्या बाजूने निघून गेली.

मघाशी आईने विचारलं, "माह्याच पोराचा आवाज होता ना रे?"

कुणाचा होता, खरंच कळत नाही. पण दादाचा असता तरी तिला अडवायचा हक्क त्याला कुठला? तेवढंच बोललो.

मग आई म्हणाली, "उद्या देवरीची बस कवा हाय?"