मॅडमच्या तोंडाभोवतीची लाली

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी ९.१५
आजपासून तीन आठवडे रजा. बायको आज कामावर रुजू झाली. मी घरी आणि मॅडम माझ्या ताब्यात. मॅडम म्हणजे आमची मुलगी, वय दहा महिने. ३० तारखेपासून तिची नर्सरी. नर्सरीवाल्यांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी आहे, बाळाला काय चालतं आणि काय चालत नाही याची. डॉक्टरांची वेळ मिळाली आहे २५ची. आणि गेल्या आठवड्यात केळं खाल्ल्यावर मॅडमच्या तोंडाभोवती लालच लाल झालं होतं.

बायको निघताना म्हणाली, पंचवीसपर्यंत नवीन काही देऊ नकोस, अंडं तर मुळीच नको, ते डॉक्टरांना विचारून. बायको जरा घाबरट आहे. मी लिफ्ट तपासनीस आहे. माझ्या एका सहीवर रोज शेकडो माणसं दोराला लटकून अकराव्या मजल्यावर जातात आणि परत येतात. मला एक तोंड तपासता येणार नाही?

तक्ता आखला. एका वेळी एकच पदार्थ, तो तीन दिवस. खाण्याआधी फोटो. खाल्ल्यावर दर पाच मिनिटांनी तोंड स्वच्छ पुसून निरीक्षण.
संकल्प: शांत राहायचं.

मंगळवार, १० सप्टेंबर
गाजर, दोन चमचे. ८.१५ला पुसलं, किंचित गुलाबी. ८.२०ला पुसलं, गुलाबी. ८.२५ला पुसलं, लाल. गाजर बाद.
अंदाज खरा ठरल्याचं एक वेगळंच समाधान असतं.
मॅडमनं तक्त्याचा कोपरा खाल्ला. पुसलं. लाल. कागद बाद.

गुरुवार, १२ सप्टेंबर
भोपळा बाद. ओट्स बाद. सफरचंद संशयित. तीन-तीन दिवस थांबत बसलो तर मॅडम कॉलेजात जाईल, म्हणून आता रोज दोन पदार्थ.
सासूबाई येऊन गेल्या. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवतायत. मॅडमच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "किती घासताय हो तिला! कापड असतं तर एव्हाना विरलं असतं."
मी हसून सोडून दिलं. प्रत्येकाला पद्धतशीर काम समजतंच असं नाही.

रविवार, १५ सप्टेंबर. दुपारी ३
बाद यादी चौदावर गेली. उरलंय काय, तर बटाटा आणि दूध. बटाट्याचा चमचा दिसला की मॅडम मान फिरवते. सकाळी माझ्या हातातल्या ब्रेडकडे तिनं असं काही पाहिलं की तो मी बाथरूममध्ये जाऊन संपवला.

बायकोनं मॅडमचं वजन केलं. दीडशे ग्रॅम कमी. म्हणाली, अरे, भूक लागलीय तिला. मी म्हटलं, काटा तपासावा लागेल. मी स्वतः उभा राहिलो. माझं तीन किलो कमी भरलं. म्हणजे काटाच बिघडलेला आहे.

घरात गेले आठ दिवस कुणालाच सलग चार तास झोप नाही. मी बायकोला म्हटलं, थकवा म्हणजे काही पुरावा नव्हे. ती म्हणाली, मग काय आहे? यावर चांगलं उत्तर होतं, पण डोळा लागला.

सोमवार, १६ सप्टेंबर
आणीबाणीत काय करायचं याचा तक्ता करून, लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. सहा पायऱ्या. उशी घेऊन तालीम केली. ४८ सेकंद. दुसऱ्यांदा ४१.
बायको कामावरून आली, पायातले बूटही न काढता उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "डॉक्टरांना फोन सहाव्या नंबरावर का?" मी म्हटलं, आधीच्या पाच पूर्वतयारीच्या आहेत. ती बूट काढायला गेली ती बराच वेळ बूटच काढत होती.

बुधवार, १८ सप्टेंबर. दुपारी १.०५
अंडं.
कारण सरळ आहे. नर्सरीत कुणी नकळत दिलं आणि काही झालं तर? त्यापेक्षा जाणत्या माणसासमोर झालेलं बरं. बायकोच्या म्हणण्याचा मान राखून अर्धाच चमचा. मॅडमनं आनंदानं खाल्लं. हात पुढे करून आणखी मागितलं.
१.०५ला काही नाही. पुढच्या तीन रकान्यांतही 'निरंक' लिहून ठेवलं. तेवढाच वेळ वाचतो.

तोच दिवस. संध्याकाळी ६.३०
सासूबाई नवी लाळेरी शिवून घेऊन आल्या होत्या. साधारण १.१५. मॅडमच्या मानेवर आणि कानांमागे गांधी उठल्या होत्या, वरचा ओठ सुजला होता. त्या वेळी मी उद्याचे रकाने आखत होतो. योग्य ती कार्यवाही झाली. दवाखाना पुढच्याच गल्लीत आहे. औषध दिलं, चार तास बसवून ठेवलं. श्वास पूर्ण वेळ व्यवस्थित होता. सूज उतरली. घरी आणलं, झोपली आहे.
मी शांत राहिलो.

गुरुवार, १९ सप्टेंबर
कालच्या नोंदीत दुरुस्ती. सासूबाईंनी बायकोला सगळं सांगितलंच आहे, तेव्हा दोन्ही नोंदी जुळलेल्या बऱ्या.

मी फ्रिजसमोर गेलो आणि पायरी एक वाचली. 'शांत राहा.' मग ती परत वाचली. परत वाचली. सासूबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा." एवढंच म्हणाल्या. मॅडमला छातीशी घेऊन त्या जिना उतरल्यासुद्धा. मी मागून, नुसत्या मोज्यांवर. दार ओढून घेतलं, किल्ली आत. हातात तक्ता.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, वय? मी म्हणालो, क्षमता सहा माणसं. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी समजुतीनं. मी म्हणालो, चारशे आठ किलो.
"दहा महिने!" सासूबाई आतून ओरडल्या.

बायको संध्याकाळी आली. तिला फक्त एक विचारायचं होतं, मी नको म्हणाले होते ना? मी म्हटलं, अर्धाच चमचा. तिनं मॅडमला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं होतं. मी गेलो नाही. मोजे वाळत घातले.

शनिवार, २१ सप्टेंबर
काही नवीन दिलं नाही. बटाटा. दूध.
सासूबाई काल आणि आज, दोन्ही दिवस सकाळपासून इथेच. शिवणकाम इकडेच आणलं आहे. मला मदत व्हावी म्हणून, असं बायको म्हणते. मॅडमला त्या एकदाही माझ्याकडे देत नाहीत, यावरून त्यांना माझी किती काळजी आहे ते दिसतं.

बुधवार, २५ सप्टेंबर. संध्याकाळी ५
डॉक्टर. तिघं गेलो. मी बावीस पानं टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पानं बाजूला सारली आणि फोटो ओळीनं लावले. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, अखेर कुणाला तरी कदर आहे.

मग विचारलं, पुसता कशानं? मी म्हटलं, ओल्या वाइप्सनी, सुगंधी आहेत, दर पाच मिनिटांनी.
"तासाला बारा वेळा?"
मी म्हटलं, चुकवलं नाही कधी.
त्या म्हणाल्या, "इतकं पुसलंत तर मीसुद्धा लाल होईन."

लाळ आणि घासणं, बस. केळं निर्दोष. गाजर निर्दोष. चौदाच्या चौदा निर्दोष, आजपासून सगळं द्या. अंड्याचं मात्र खरं आहे. त्याची रीतसर तपासणी होईल, तोवर अंडं घरात तिला नाही, नर्सरीत नाही, औषध कायम जवळ ठेवा. चिठ्ठी लिहिली. एक ओळ.
मी कागदाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, कागद नको.

उठताना त्यांनी मला विचारलं, तुम्ही नीट कधी झोपलात शेवटचे? मी आठवू लागलो. बायको म्हणाली, "ती जन्मायच्या आधी." १८ तारखेनंतर ती माझ्या बाजूनं बोललेली ही पहिलीच गोष्ट. ही बाजू आहे की नाही, ते नक्की नाही.

घरी आल्यावर मॅडमनं अख्खं केळं खाल्लं. मग गाजर. मग पुन्हा केळं. कपाळापर्यंत माखली होती. बायको सालं हातात धरून रडायला लागली. तोंड पुसायला मी उठलो. परत बसलो.

सोमवार, ३० सप्टेंबर. दुपारी ३
मॅडमचा नर्सरीचा पहिला दिवस. माझाही कामाचा. नर्सरीच्या ताईंनी दारातच एक शेवटचा फॉर्म पुढे केला. काही झालं तर कुणाला फोन करायचा, तीन ओळी. मॅडम बायकोच्या कडेवर, म्हणून पेन माझ्या हातात. पहिल्या ओळीवर टेकवलं. बायको दुसरीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडेच.

पहिल्या ओळीत लिहिलं, आई. दुसऱ्या ओळीत, आजी. तिसऱ्या ओळीत माझा नंबर. असं लिही, असं कुणी म्हणालं नव्हतं. नको असंही कुणी म्हणालं नाही.

१२.२०ला मी एका इमारतीत नवव्या मजल्यावर होतो. नर्सरीतून फोन. बायको मीटिंगमध्ये, उचलत नव्हती. सासूबाईंना मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मॅडम मजेत आहे, ताई म्हणाल्या, दोनदा जेवली, पण सगळे कपडे ओले केलेत आणि पिशवीत जादा जोड नाही, कुणी आणून देईल का?

घरी गेलो, जोड घेतला, धावत पोचलो. दार दुसऱ्याच ताईंनी फटीएवढं उघडलं. सकाळी या नव्हत्या. माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"
मी म्हणालो, "तिसरा."
त्यांनी यादी पाहिली आणि दार उघडलं.