दोन्हीकडचा हितचिंतक

तीर्थरूप काका,

उभ्यानेच केलेला नमस्कार स्वीकारावा. वाकण्याच्या कामी कंबर सध्या सहकार्य करत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला गेला का? आणि बाजारामागचं तुमचं मैदान अजून गाड्यांनी भरलेलं असतं ना? (विचारण्यामागे हेतू आहे. तो शेवटपर्यंत लपवणार आहे, हे आधीच सांगितलं की मला हलकं वाटतं.)

आमच्या पादचारी मंचाची मागणी तुम्हाला ठाऊक आहे : बाजाररस्ता गाड्यांना बंद करावा. पहिली दोन वर्षं आम्ही सात जण खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर घोषणा रंगवून कोपऱ्यावर उभे राहायचो आणि लोक आम्हाला पत्ता विचारायचे. मग छापखान्याच्या मालकांनी निरोप आणला, की एक हितचिंतक सगळा खर्च उचलतील, फक्त नाव विचारायचं नाही. पत्रकं आली, टोप्या आल्या, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आल्या. मी चिटणीस, म्हणून चाचरत म्हटलं की नाव कळायला हवं. आमच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, "अगं, सज्जन माणसं नाव सांगत नाहीत." (शाळेत शिकवत असताना खडू कोणी फेकला ते शोधल्याशिवाय या बाई फळ्याकडे वळत नसत.) त्या दिवशीच्या डायरीत 'तत्त्वाचा प्रश्न, पुढच्या बैठकीत मांडणे' असं आहे. पुढच्या बैठकीच्या पानावर 'खुर्च्या खरंच चांगल्या आहेत' एवढंच. आभाराची पत्रं मात्र मी 'आदरणीय हितचिंतक' असा मायना घालून, हाताने लिहून, छापखान्यामार्फत पाठवत राहिले.

गेल्या मंगळवारी नव्या पत्रकांचा गठ्ठा आला. मी घाईत होते, न वाचताच अर्ध्या गल्लीत वाटून आले. (मी, जी वाण्याच्या यादीतलंही शुद्धलेखन सुधारते.) कोपऱ्यावरच्या शिंप्याने पत्रक चष्म्याजवळ धरलं आणि विचारलं, "ताई, मत बदललं वाटतं?" बघते तर, 'रस्ता गाड्यांचाच!' आणि खाली आमच्याविरुद्ध लढणाऱ्या वाहनचालक समितीचं नाव. उरलेला गठ्ठा छातीशी धरून छापखाना गाठला, तर त्या समितीचा टायरवाला आमची पत्रकं घेऊन तिथे घामाघूम उभा. त्याने ती टॅक्सीथांब्यावर वाटली होती आणि शिव्या खाऊन आला होता. मालक शांतपणे म्हणाले, "दोघांचं बिल एकाच पत्त्यावर जातं, म्हणून गठ्ठे एकत्र बांधले गेले."

आम्ही दोघं तिथल्याच पायरीवर बसलो. चौकशीअंती कळलं की त्यांच्याही खुर्च्यांना पाठ आहे. वर्षभर आम्ही एकमेकांना विकले गेलेले म्हणत होतो. दोघंही खरंच बोलत होतो, फक्त स्वतःबद्दल दोघांनाही माहीत नव्हतं. "पण दोघांना पोसून त्याला मिळतं काय?" टायरवाल्याने विचारलं. घरी येताना मला उत्तर सापडलं : भांडण मिटत नाही.

आता मला झोप येत नाही. पैसे असे आले म्हणून मागणी खोटी ठरते का? परवा बाजारात एका म्हाताऱ्या बाईंना गाडीचा धक्का लागला, तो खराच होता. पण उद्या मी शिंप्याला काही सांगायला गेले, तर बोलणं माझं आहे हे त्याने कशावरून मानावं?

घरात ज्याला जे लागू असेल ते, नमस्कार किंवा आशीर्वाद.

तुमची पुतणी,
(रविवारपर्यंत तरी) चिटणीस

ता. क. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले, तेव्हा तुमचं टेबल डुगडुगत नव्हतं. पायाखाली घडी घातलेला कागद होता आणि 'आदरणीय हितचिंतक' एवढं बाहेर दिसत होतं. अक्षर माझं. मी ते वाचलं, आणि वाचलं नाही असं ठरवलं. वाटलं, काका माझ्यावरच्या मायेने करतात. गहिवरले होते. रस्त्याचा निकाल लागेपर्यंतच तुमचं मैदान गाड्या उभ्या करायला नगरपालिकेकडे भाड्याने आहे, हे मंगळवारपर्यंत लक्षात आलं नाही.

आणखी एक. रविवारच्या बैठकीत पहिला विषय 'हितचिंतकाचं नाव' हा आहे. टायरवाल्यालाही बोलावलंय. नाव मी इतिवृत्तात लिहिणारच. माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्याच मैदानाच्या भाड्यातून गेली (तेव्हा तिथे लाकडं रचलेली असत), तेही सांगणार. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, तर मला फक्त लिहून घ्यावं लागेल. पहिल्या रांगेतली खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे. पाठीला आराम पडतो. तुम्हीच घेऊन दिलेली आहे.