लिंबागणेशजवळ थांबलेला आकडा

अब्बा, "काट्याला बोट लावू नको, तो खोटं शिकंल," असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. पाटोद्याच्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून तुम्ही कुणाच्या तरी जीपचं मीटर उघडून बसला होतात. पेट्रोलचा काटा रिकाम्यावर पडलेला पाहून मी तो हळूच बोटाने वर ढकलला. मला वाटलं, तुमचं काम सोपं होईल. तुम्ही ओरडला नाहीत. तेवढं एक वाक्य बोललात आणि पुन्हा मान खाली घातलीत. घरात आपण दखनी बोलायचो, पण गाड्यांचं बोलणं तुम्ही माझ्याशीसुद्धा मराठीतच करायचात, गिऱ्हाइकांशी करायचात तसं. त्यामुळे बोलणी खाल्ली असं मला वाटलंच नाही, कामावर घेतल्यासारखं वाटलं.

गॅरेजात धूळ फार, म्हणून डॅशबोर्डची कामं तुम्ही घरी आणायचात. जुम्म्याची नमाज झाली की अम्मीच्या इडलीपात्रातली एक थाळी उचलायचात आणि निघतील त्या क्रमाने स्क्रू एकेका खळग्यात ठेवायचात. बसवताना उलट्या क्रमाने परत. अम्मी चुलीपासून म्हणायची, "इस्क्रूच उबालूं क्या आज नाश्ते को?" आणि तुम्ही वर न बघता, "चटनी जरा तिखी कर." काम झालं की खरी गंमत. मीटर गाडीत बसवून तुम्ही मला पुढच्या सीटवर घ्यायचात आणि लिंबागणेशच्या रस्त्याला लागायचात. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड ओरडून सांगायचे, हे माझं काम. मी "दगड!" म्हणते, तुम्ही मीटरकडे पाहता, आकडा नेमका तिथेच उलटतो, आणि तुम्ही डॅशबोर्डवर हलकी थाप मारता. "खरं बोलतंय," म्हणता. लहानपणी मला कुणी खरं बोलायला शिकवलं असेल तर ते त्या दगडांनीच.

कडा गावाहून आलेले ते जीपवाले आठवतात? जीप विकायची होती त्यांना. म्हणाले, "उस्ताद, मीटर जरा मागं घ्या की. घेणारा आकडा बघूनच बोलतो." तुम्ही पेचकस पुसत म्हणालात, "घेतो की. तुमचं वय बी मागं घेऊ का? एकाच पेचकसानं होतंय." ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "वय घ्या राव आधी, मीटर ऱ्हाऊ द्या!" चहा पिऊन गेले, मीटर होतं तसंच घेऊन. पुढे ते दुसऱ्या कामांना तुमच्याकडेच येत राहिले. नाही म्हणून माणूस न तोडणं मला अजून जमत नाही, अब्बा. मी एक तर हो म्हणते, नाही तर भांडते.

आता तुमची पांढरी गाडी माझ्याकडे आहे, बीडला. त्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात तपासणीसाठी तुम्ही ती स्वतः चालवत इकडे निघालात. अम्मी शेजारी बसली होती. ती सांगते, लिंबागणेशची कमान दिसली आणि वेगाचा काटा एकदम शून्यावर पडला, बिघाडाचा पिवळा दिवा लागला. तुम्ही म्हणालात, "लौटके आये तो देखेंगे." तुम्ही परत आला नाहीत. अम्मीने गाडी पाटोद्याला परत आणवली, पण पुढे इतकी वर्षं ती विकली नाही, दुरुस्तही करू दिली नाही. शेजाऱ्यांकडून अधूनमधून अंगणातच चालू करून घ्यायची, बस. मागच्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा गाडीही आली. त्या सगळ्या रस्त्याचा मीटरला पत्ताच नाही. आकडा अजून तोच आहे, तुम्ही सोडलात तो.

येत्या सोमवारपासून माझी लेक ती गाडी घेऊन कॉलेजला जाणार. गाडी शिकवायच्या पहिल्याच फेरीला तिने विचारलं, "अम्मी, मी किती स्पीडने चाललेय?" मी म्हटलं, "अंदाजाने." तुम्हाला ती नाना म्हणते; म्हणाली, "नानांची मुलगी ना तू? शोभत नाही." मग मी कामाला लागले. तुम्ही तारेच्या तुकड्याने दोन टोकं जोडून पिवळा दिवा मिचकावायचात आणि मला मिचकावण्या मोजायला लावायचात. त्यावरून बिघाड ओळखायचात. आता स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं यंत्र लावलं की बिघाडाचा कोड फोनवर येतो. पी शून्य पाच शून्य शून्य. म्हणजे गाडीला स्वतःचा वेग कळत नाही. लेक म्हणाली, "खाली डिलीटचं बटण आहे. दाब ना." दाबलं असतं तर दिवा विझलाही असता, थोडं अंतर जाईपर्यंत. पण मला तो काटा वर ढकलणारं स्वतःचंच बोट दिसलं. आणि दिवा तसाच ठेवावा, तर तुमचं गिऱ्हाइकांना ठरलेलं बोलणं होतं, "दिवा कायमच पेटलेला ऱ्हायला तर उद्याचं खरं दुखणं कळणार कसं?"

तुमच्यासारखंच घरी बसून केलं सगळं. इडलीची थाळी घेतली. अम्मी खुर्चीतून पाहत होती. मीटर उघडलं, आतले सोल्डरचे डाख तपासले, सगळे घट्ट होते. तारा मल्टीमीटरवर पाहिल्या, त्याही धड. शेवटी गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सवर वेग मोजणारा जो सेन्सर असतो, त्याच्या वायरच्या जोडाच्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. एवढंच होतं, अब्बा. तुम्ही असतात तर चहा निवायच्या आत झालं असतं. पिना घासून साफ केल्या, मीटर परत बसवलं, प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी गेला. जोड मात्र अजून खोचला नाही. अम्मीला सांगितलं, वाळू देतेय. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

जोड बसवला की आकडा हलणार. लेक म्हणते, फोटो काढून ठेव. काढला. पण फोटोतला आकडा काही तुम्ही चालवलेला नाही. हे पत्र लिहून मी गाडीच्या कप्प्यात टाकणार आहे, कारण ते पाठवावं असा पत्ता माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर तुमचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे: नीट झालेलं मीटर बंद ठेवणं म्हणजे खोटंच. तरी एक मागते. रविवारी मी, अम्मी आणि लेक लिंबागणेशला जाऊ. गाडी मी चालवीन, अगदी सावकाश, कडेकडेने. कमान दिसली की थांबेन, तिथे गाडीखाली शिरून जोड खोचेन, आणि तुम्ही सोडलंत तिथूनच आकडा पुढे जाईल. दगड माझी लेक ओरडेल. फक्त तिथपर्यंत, अब्बा, तेवढ्या रस्त्यापुरती बंद मीटरची गाडी मला चालवू द्या.