मोकळी जागा

गुढियारी, रायपूर
१२ मे

प्रिय यशदादा,

तुला आणि निवेदितावहिनीला सप्रेम जय भीम. फोन अजून लागत नाही. पोर्ट ब्लेअरहून मदतीच्या बोटीनं तुमच्या बेटावर टपाल जातं असं पोस्टात कळलं, म्हणून लिहिते आहे.

वहिनीच्या बाबांबद्दल काय लिहू? अजून सापडले नाहीत, एवढंच कळलं आहे. लग्नानंतर ते इथे आले होते, तेव्हा गच्चीवर उभे राहून मला विचारत होते, "बेटी, तुमच्याकडे वारा कुठून येतो?" मला सांगताच आलं नव्हतं. भूकंपानंतर समुद्र आत शिरल्याची बातमी पाहिली तेव्हा सगळ्यात आधी तेच आठवलं.

इकडे ऊन भयंकर आहे. बीरगावात कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांचा उन्हाळी वर्ग मी घेते आहे. विहारातून आम्ही तुमच्या बेटासाठी सामान गोळा केलं. तात्यापाऱ्यातल्या एका दुकानदारानं नव्या चादरींचा गठ्ठाच दिला. म्हणाला, "दीदी, हमने तो समुंदर देखा भी नहीं. पर चादर तो चादर है." बाबा बरे आहेत. रेल्वेतून निवृत्त झाले तरी मालगाडीची शिटी ऐकून अजून घड्याळ बघतात आणि ड्रायव्हरला शिव्या देतात.

आईही बरी आहे.

असं लिहून पत्र संपवणार होते, पण ते खरं नाही. काल मी भर दुपारी निघाले तर आईनं माझ्या पर्समध्ये कांदा टाकला नाही. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून तिचा तो कांदा! आयटीआयला जाताना तू ओरडायचास, "आई, पोट्टे मले भाजीवाला म्हणून राहिले!" आपल्या घरातली पहिली पदवी मी घेतली तीसुद्धा काळ्या गाऊनखाली ओढणीच्या टोकाला कांदा बांधून. आणि काल मी मुद्दाम दारात थांबले, चपला दोनदा घातल्या, तरी ती भाजी चिरत बसली.

विहारातही तेच. बायका विचारत होत्या, "शांताबाई, लहान लेकरांचे कपडे अलग बांधू का?" एरवी तिनं सगळ्यांना कामाला लावलं असतं. म्हणाली, "तुमीच पाहा. मले काय समजते?"

दादा, त्या सकाळी जमीन हलली तेव्हा तू फोन केलास. मी आईच्या शेजारीच होते. ती ओरडली, "घरात काहून थांबला? भिंतीचा भरोसा नाही! सासऱ्याले घे, निवेदिताले घे, अन् मोकळ्यावर जाऊन बस!" आपण लहान असताना इथे भूकंपाचा धक्का बसला होता, तेव्हा तिनं आपल्याला मालधक्क्यामागच्या मैदानात नेलं होतं. आपल्याला तेवढंच माहीत. मलाही तेच बरोबर वाटलं. मग फोन तुटला.

थोड्या वेळानं टीव्हीवर सांगू लागले की किनाऱ्यावरच्या लोकांनी उंचावर पळावं. आईनं तुमच्या लग्नाचे फोटो काढले. जेटीसमोरच्या वाळूवरचा मांडव बराच वेळ बघत राहिली.

"भावना, तिथलं मोकळं म्हणजे हेच ना?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

नंतर नौदलाच्या फोनवरून तुझा आवाज आला. थोडाच वेळ मिळाला होता, तू बाबांशीच बोललास. आई दाराशी उभी राहून ओले हात पदराला पुसत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "माह्याबद्दल काही म्हणला?" बाबा म्हणाले, "हव, म्हणला ना, आईले सांग मी ठीक आहे." तू तसं म्हणाला नव्हतास. स्पीकर चालू होता, तिनंही ऐकलं होतं.

तुम्ही वाळूवर गेला होतात का, मला माहीत नाही. गेला असाल तर तिला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. तुझं खोटं ती लगेच ओळखते. आणि तुला तिचा राग आला असेल, वहिनीला आला असेल, तर तो यावा. तिला माफ करा, असं मी तुम्हाला सांगत नाही. ते माझ्या हातात नाही.

फक्त एक कर. तिला काहीतरी विचार.

वहिनीला दिवस गेलेत हे कळल्यावर आईनं किती सूचना तयार ठेवल्या होत्या! आता त्यातली एकही तिच्या तोंडून निघत नाही. काल विचारलं, पत्रात काय लिहू? म्हणाली, "लिही, मी आता काही सांगत नाही. तिथलं त्याचं त्यालेच समजते." तिनं सांगितलं तसं लिहिलं. पण दादा, तू विचार. निवेदिताला अन्न पचत नाही, काय करू? बाळाचं अंग कशानं चोळायचं? तुला माहीत असलेलंच विचार. उत्तर लांबलचक येईल, वैतागशील. वैतागून घे.

पोस्ट बंद व्हायच्या आत निघायला हवं. आई स्वयंपाकघरात आहे. कांद्याची टोपली तिच्या हाताशी आहे. मी निघते, असं दोनदा सांगून झालं.

रिकामी पर्स घेऊन उन्हात निघालेली,
तुझी भावना