बिनकानाचे दोन कप

मी, हरिदास नानाजी उमाटे, वय चौऱ्याहत्तर, बांधकाम खात्यातील निवृत्त कारकून, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी सौ. माणिक हिला तो मान्य नाही. इंग्रजांच्या उष्ट्या बश्या पगारातून विकत आणणाऱ्या माणसाचे डोके ठिकाणावर होते कधी, असा तिचा सवाल आहे.

१. सेलूचे राहते घर आणि बँकेतील ठेवी माणिकच्या. तिच्यानंतर आमची एकुलती एक मुलगी नमिता हिच्या. माणिक आहे तोवर घर विकण्याची गोष्ट कोणी तिच्यासमोर काढू नये. जावयांनीही नाही. (माणूस चांगला आहे, पण सल्ले फार देतो.)

२. रोहण्याचे वावर नमिताला. बांधावरच्या चिंचेला हात लावू नये.

३. पुढच्या खोलीतील दोन कपाटांतली विलायती चिनी मातीची भांडी, म्हणजे ताटल्या, कपबश्या, चहादाण्या वगैरे, नमिताला. हा नाद मला आर्वीला लागला. तिथल्या विश्रामगृहातले साहेबाच्या काळातले सामान लिलावात निघाले, आणि तणसात गुंडाळलेल्या निळ्या फुलांच्या ताटल्यांची एक पेटी मी घेतली. घरी येऊन एक ताटली खिडकीपाशी धरली, तर तिच्यातून माझ्या बोटांची सावली दिसली. वेडच लागले की हो! मग नागपूरचा जुना बाजार, रिकामे होणारे बंगले, भंगारवाले, सगळीकडे फिरलो. नमिता, ही भांडी राखेने घासू नकोस, सोनेरी काठ जातो. टबात जुना टॉवेल अंथरून कोमट पाण्यात एकेक धुवावे. कपाटात कोंडून ठेवू नकोस, पाहुणे आले की वापर. फुटले तर फुटले.

४. माझे मेहुणे श्री. मधुकरराव यांना मटणाचा रस्सा वाढायचे नावेसारखे भांडे द्यावे. कारण लिहून ठेवतो. माणिक माळकरी. तरी माझ्या कपांतून आम्ही दोघे सकाळ-संध्याकाळ समोरासमोर बसून चहा घ्यायचो. ती बशीत ओतून, फुंकर घालून प्यायची, आणि गावभरच्या गोष्टी सांगायची. एका एकादशीला मधुकररावांनी आमच्याच कपातला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "माणिक, याले बोन चायना म्हन्तेत. बैलाच्या हाडाची राख असते यात."

असते खरी. मला नक्षी कळत होती, बुडाचे शिक्के कळत होते, राखेचे ठाऊक नव्हते. माणिकने नेसत्या साडीनिशी अंगावर पाणी ओतून घेतले. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यात चहा पिते आणि मी पुढच्या खोलीत. एकदा मीही स्टीलचा पेला घेऊन आत गेलो, तर म्हणाली, "तुमच्या हाताले त्याच कपायचा विटाळ हाये. तिकडंच बसा."

आणि हे मधुकरराव स्वतः, गळ्यात माळ असून, नागपुरात सावजीकडे बसून मटणाची नळी चोखतात. मी डोळ्यांनी पाहिले आहे. आजवर बोललो नाही. आता मला कोण विचारणार?

५. भिंतीतल्या फडताळात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले दोन कप आणि दोन खोलगट बश्या माणिकला. कपांना कान नाहीत, जुनी पद्धत ती. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे आहेत, इंग्रजीच आहेत, पण यांत हाड नाही. तेव्हा तिकडचे काही कारखाने नुसती पांढरी माती आणि दगडाची पूड भाजत. राखेचा कप उजेडात धरला की दुधासारखा उजळतो, हे मात्र हिरवट-राखाडी दिसतात. पुण्याच्या एका जाणकार बाईंनीही पाहून खात्री दिली. मी कितीतरी वर्षे असेच कप शोधत होतो. गेल्या साली नागपूरच्या एका बंगल्यात मिळाले, आणि घरी आणून सांगायची हिंमत झाली नाही. तू नाही म्हणाली असतीस तर दुसरा उपाय माझ्यापाशी नव्हता. माणिक, तुझ्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. इतक्या वर्षांत एकदाही लागला नाही. माझ्यामागे तू यातून एकदा तरी चहा घ्यावास. मनाला पटले नाही तर हेही नमिताला जावेत. मी रागावणार नाही.

इथवर लिहून झाले आणि साक्षीदार सहीसाठी येऊन बसले, तेवढ्यात माणिक मागून आली. जे घडले ते साक्षीदारांसमक्ष घडले, म्हणून नोंदवतो.

"काय लिहून राह्यले जी एवढं?" म्हणत तिने कागद ओढून घेतला. उभ्यानेच वाचला. मधुकररावांच्या कलमापाशी "अगं बाई!" म्हणाली. पाचवे कलम दोनदा वाचले.

"मंग मले दाखोले काऊन नाई?"

"भ्यालो होतो," मी म्हणालो.

"मी काय खाऊन टाकनार होती का तुमाले?"

तिने फडताळ उघडले, फडके सोडले. कप खिडकीशी नेऊन उजेडात धरला, फिरवला, वास घेतला. "कान नाई याले. वाट्याच हायेत ह्या." मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र भांडणाचाच होता.

"तुमच्यामागं पेऊ म्हन्ता. कोनासंग पेऊ? खोडा ते!"

६. सबब पाचवे कलम मी स्वतः खोडले असून खोडलेल्या जागी सही केली आहे. सदर दोन कप व दोन बश्या माझ्या मागे ठेवायच्या मिळकतीत धरू नयेत. त्या वापरात आहेत.

हरिदास नानाजी उमाटे (सही)

आमच्या देखत सही झाली, आम्हीही त्यांच्या देखत केली:
१. स्वप्निल भोयर, शेजारी (सही)
२. डॉ. सपना इखार, सेलू (सही)

सेलू, जि. वर्धा
दिनांक ९ नोव्हेंबर २०२५