चारशे बोअरची दुनळी

पिंपरी पेंढार
दि. ४ नोव्हेंबर २००१

ती. गेणूमामांच्या पायांशी सुदर्शनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आईचे गुडघे थंडीने धरलेत, बाकी ठीक. फोनच केला असता, पण बूथवर चिमाजी बसतो आणि त्याच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत आळेफाट्याला पोचतं.

विषय असा. पंधरा दिवसांमागे बिबट्याने आपला काळू कुत्रा घराजवळून उचलून नेला. त्याच दिवशी हर्षाली समृद्धीला घेऊन खोडदला माहेरी गेली. घर सुरक्षित होईतोवर मळ्यात पाऊल टाकणार नाही, असं तिचं म्हणणं. मी घर सुरक्षित करायला घेतलं आहे. पुण्यात एका दुकानदाराकडे कुण्या इनामदाराची चारशे बोअरची विलायती दुनळी रायफल आली आहे आणि ती आपल्याला परवडेल अशी आहे. पिकातल्या डुकरांसाठी म्हणून परवान्याचं साहेबांशी बोलणं झालंय. बाराबोरची बंदूक काय, प्रत्येक बागायतदाराच्या खुंटीला लटकते. दुनळी रायफल अख्ख्या जुन्नर तालुक्यात नसेल.

तुम्हाला लोखंड कळतं म्हणून विचारतो. चाप एक बरा की दोन? रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारा खटका हवाच ना? वर दुर्बीण चढवावी का? पट्टीवर सोन्याचं हरिण कोरलेलं आहे. सवडीने सविस्तर लिहा. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुदर्शन

*

मंचर
दि. १३ नोव्हेंबर २००१

चि. सुदर्शनला गेणूमामाचे भरपूर आशीर्वाद.

पत्र पावलं. एकदा मी वाचलं, मग दुकानात पाण्याच्या मोटारींना तार भरणाऱ्या कारागिरांना वाचून दाखवलं. त्या दिवशी काम थोडं झालं, पण करमणूक लई झाली.

तांब्याची तार आणायला पुण्याला गेलो, तेव्हा तुझी रायफल बघून आलो. आधी काडतुसाचं बोलतो. शहाणा माणूस काडतूस बघतो आणि मग त्याला बंदूक शोधतो. चारशे बोअरचं काडतूस आपल्याकडे कुणी बनवत नाही. विलायतेहून यायची ती बंद झाली तेव्हा तू लंगोटात होतास. दुकानदाराकडे सात शिल्लक आहेत, आणि त्यांना न घासलेल्या ताम्हणासारखं हिरवं चढलंय. सात संपली की काय, नळीने बडवणार? बाराबोरचं काडतूस मागशील तेव्हा मिळतं आणि त्याचा छर्रा पन्नास-साठ पावलांत दमतो. चारशेची गोळी दमत नाही. डुक्कर चुकलं तर ती शेजारच्या मळ्यात कांदा लावणाऱ्या बायांपर्यंत जाईल आणि त्यांच्या नशिबाने तिथेही चुकली तर कुणाची तरी म्हैस गाठेल.

चाप दोनच बरे, एक अडकला तर दुसरा राहतो. फेकणारा खटका नको. फेकलेली काडतुसं तू वाफ्यात हुडकत बसशील, तोवर डुक्कर कांदा खाऊन ढेकर देऊन जाईल. दुर्बीण तर मुळीच नको. उसात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. दहा पावलांवरच्या बिबट्याच्या अंगावरच्या पिसवा मोजायच्यात का तुला? हरिण मात्र झकास आहे. आख्ख्या रायफलीत तेवढंच बिनधोक.

आता खरं ऐक. मी नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवून घेतल्या, दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. बाजारात बाया मडकं वाजवून घेतात, तसं. दोन नळ्यांचा जोड पक्का असेल तर आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबतो. ह्या नळ्या चेपलेल्या पातेल्यासारख्या ठप्प बोलल्या. मग जोडून चाप ओढला. पुढचा ओढला की मागच्याचा घोडाही आतल्या आत सरकतो. बारीक आवाज आहे, पण मी तीस वर्षं बेअरिंगच ऐकत आलोय. एक चाप ओढशील आणि दोन्ही नळ्या उडतील. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, हा खानदानी आवाज आहे. मी म्हटलं, असेल, खानदानं अशीच बुडतात.

आणि बिबट्याला गोळी घातलीस तर तो सुटेल आणि तू आत जाशील. नुसता बार काढायचा असेल तर सुतळी बॉम्ब पुरतो.

हर्षाली नेमकं काय म्हणाली ते लिही. शब्द तिचे पाहिजेत, तुझे नकोत. अक्काला नमस्कार सांग. जीव आहे म्हणून टोचतो, नाहीतर गप्प बसायला मलाही येतं.

तुझा,
गेणूमामा

*

पिंपरी पेंढार
दि. २४ नोव्हेंबर २००१

ती. मामांस सुदर्शनचा सा. न.

पत्र मिळालं. राग मानू नका, पण पाण्यातल्या मोटारीचा कान रायफलीला लावून कसं चालेल? ही वस्तू टिचकी मारून घ्यायची नसते. परवाना झाला, रायफल घरी आली, सातही काडतुसं आली. माजी सरपंच रखमाजी पाटील स्वतः बघायला आले आणि हातात घेऊन फोटो काढून गेले. आईने हळदकुंकू वाहिलं.

हर्षालीचं विचारलंत. बायकांचं काहीतरी असतं, पत्रात लिहिण्यासारखं नाही. रायफल आल्याचा निरोप खोडदला धाडला आहे. आठ दिवसांत येईल.

आशीर्वाद असावा, टोमणे नसले तरी चालतील.

सुदर्शन

*

मंचर
दि. २९ नोव्हेंबर २००१

सौ. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझ्या नवऱ्याला विचारलं, तू काय म्हणालीस. आधीच्या पत्रात त्याने रायफलीवरच्या हरणाचं लिहिलं होतं, आता रखमाजीच्या फोटोचं लिहिलं. तुमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या छत्र्या म्हणे आभाळातलं ऐकतात. इथे माणसाला ताटापलीकडून बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तुलाच विचारतो. न लाजता लिही. मी तुझ्या सासूचा भाऊ असलो तरी तिच्या बाजूचा नाही. समृद्धीला पापा.

तुझा मामेसासरा,
गेणूमामा

*

खोडद
दि. ५ डिसेंबर २००१

ती. मामांना सौ. हर्षालीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही विचारलंत, याचंच बरं वाटलं. लाज वाटावी असं माझ्याकडे काही नाही.

काळूला घराजवळून नेला हे ह्यांचं सांगणं. घर तिथून दोन वावरं लांब आहे. पहाटे मी आणि समृद्धी उसाच्या कडेला बसलो होतो, काळू सवयीने मागे आला होता. बसलेली समृद्धी आणि बसलेलं कुत्रं एकाच उंचीची. वाघ दोघांच्या मधोमध उतरला आणि त्याने कुत्रं उचललं. पोरीला का नाही उचललं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी तीनदा सांगितलं. घराला लागून संडास बांधा, आतून कडी असलेलं दार लावा, वर एक दिवा. एवढं झालं की त्याच दिवशी येते. ह्यांचं म्हणणं, वाघाला भिऊन संडास बांधला तर गाव हसेल. सासूबाईंचं म्हणणं, देवघराच्या भिंतीपलीकडे असली घाण नको. मग निरोप आला की रायफल आली. ह्यांना वाघाच्या समोर उभं राहायचंय, मामा. मला वाघाकडे पाठ करून बसायचं नाहीये, बस्स. सात काडतुसं म्हणे. मी आणि समृद्धी रोज जाणार, दोघींना ती चार दिवसही पुरत नाहीत.

हे पत्र त्यांना दाखवलंत तरी हरकत नाही. मी येणार नाही म्हणजे नाही. तुमच्या मायेची सावली राहू द्या.

तुमची,
हर्षाली

*

पिंपरी पेंढार
दि. २२ डिसेंबर २००१

ती. मामा, सा. न.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घ्या. दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा असा मजकूर नाही.

तुम्ही धाडलेलं हर्षालीचं पत्र मिळालं त्याच दिवशी, रागातच म्हणा, रायफल माळावर नेली. गंजक्या पिंपावर नेम धरून पुढचा चाप ओढला. दोन्ही नळ्या एकदम उडाल्या. पिंप होतं तसं आहे. माझं उजव्या खांद्याचं हाड मोडलं. रखमाजी पाटील सगळ्यांच्या पुढे उभे होते, आता ते सगळ्यांना सांगतात, ‘मी आधीच म्हणालो होतो.’

हात गळ्यात बांधलाय. पायजम्याची नाडीसुद्धा सोडता येत नाही. म्हणून सहा दिवस झाले, सकाळी उसाकडे जाताना आई सोबत येते. तिच्या हातात तांब्या आणि काठी, आणि मी बत्तीस वर्षांचा. परवा बसलो तर बिबट्या समोरच्या बांधावर होता. रायफल घरात होती, आणि बरोबर असती तरी ती उचलायला दोन हात लागतात. मला उठता येईना, नाडी धरता येईना. आईने तांब्यावर काठी बडवली. तो जरा बघत राहिला आणि आमची कीव केल्यासारखा निघून गेला.

येताना आई न्हाणीशेजारी थांबली आणि टाचेने मातीत चौकोन ओढला.

गवंडी बघून द्या. दारही तुम्हीच निवडा, मी काही निवडत नाही. हर्षालीला मी लिहिलं आहे. काय लिहिलं ते विचारू नका.

सुदर्शन

*

पिंपरी पेंढार
दि. २० जानेवारी २००२

ती. मामांना सौ. हर्षालीचा शि. सा. नमस्कार.

गुरुवारी आले. तुम्ही धाडलेलं दार घट्ट बसतं, कडी आतून आहे, दिवा लागतो. ह्यांचं पत्र आलं होतं, चार ओळींचं. ते मी जपून ठेवलंय, पण दाखवणार नाही.

पहिला मान मी समृद्धीला देणार होते. सासूबाईंनी न विचारता तांब्या उचलला आणि त्याच आत गेल्या. गुडघ्यांमुळे वेळ लागेल म्हणून आम्ही थांबलो. कडी काही निघेना. ह्यांना वाटलं चक्कर आली. दार वाजवलं, हाका मारल्या, गवंडीही धावत आला. तेव्हा आतून आवाज आला, ‘साठ वरसं व्हत आली, रस्त्यानं कुनी आलं की अर्ध्यातून उठून हुबी राह्यले. आज कुनी बी येऊ द्या, मी न्हाई उठत.’

तुम्ही सवडीने या. कळावे, आणि अशीच चौकशी करत राहावे.

तुमची,
हर्षाली