दिवे लागेपर्यंत

२० नोव्हेंबर ८३, रविवार

सगळ्यात आधी आली शेजारची विमलबाई. हातात साखरेची वाटी, पण डोळे रस्त्यावर. म्हणे, काकू, तुमच्या फाटकाशी ते पिवळं काय उभं हाये? मी बाहीर गेली तं माझी कुसुम! माझी लहान बहीण. इतके वर्षं मस्कतले पोराजवळ होती. गाडी जपानी, दोनच दारं, बेडकावानी बसकी. कुसुम त्यातून निघता निघेना. उखळात उतरल्यासारखं बसा लागते म्हणे. तिचा अरुण एक हात ओढे, मी दुसरा. दोघी बहिणी हसून हसून फाटकातच बसलो.

मुंबईहून रायपूरले चालले. अरुणले तिथं नोकरी लागली. सूनबाई पोट्टे घेऊन रेल्वेनं पहिलेच गेली, ती शाळेत शिकवते. "मावशी, फक्त चहा घेतो." चहा झाला, चिवडा झाला, अंधार पडला. अरुणनं बटन दाबलं तं समोरचे दोन्ही दिवे बंद. मुंबईहून दिवसादिवसाच आले, म्हणून कोणाले समजलंच नाही.

कुसुमनं माझ्याकडे पाह्यलं. मी भाताचं आधण वाढवलं.

२१ सोम.

सक्करदऱ्याच्या चौकातला नथ्थू मिस्त्री आला. अँबेसेडर, फियाट त्याच्या हातच्या, जपानी पहिलीच. एक बल्ब अन् दोन तारा, एवढीच त्याची तपासायची बत्ती. एक तार गाडीच्या पत्र्याले चिमट्यानं लावली, दुसरी दिव्यामागच्या तीन टोकांले एकेक करून. तिन्ही जागी त्याचा बल्ब पेटला.

"काकू, तिन्हीत करंट हाये, अन् दिवा आंधळा. असं तं मी पाह्यलं नाही."

दिवे काढून सरळ बॅटरीले लावले तं लख्ख. म्हणजे दिव्यात खोट नाही.

आमचे हे खुर्ची टाकून सकाळपासून तिथंच. पेन्शन झाल्यापासून त्याइले असं पाहायले मिळालंच नव्हतं. म्हणाले, "पण अरुण, रायपूर तं दिवसा..." मी झटक्यानं वाटीभर चिवडा हातात दिला. खाताना हे बोलत नाहीत.

आता इथं लिहायले काय हरकत. सकाळी निघाले तं सांजेच्या आत रायपूर येते. मले कालच समजलं होतं. पण बहिणीच्या घरी राहायचं तं बाईले कारण लागते. बाळंतपण, लग्न, नाही तं कोणाचं मरण. आमच्या घरी सध्या यातलं काहीच नाही. कुसुमची सासू बिनकारणाची कुठं जाऊ देत नव्हती. सासू गेली, मालक गेले, पण हिची सवय नाही गेली. लग्न झाल्यापासून सलग दोन राती माझ्याकडे राह्यली नाही. आज दुसरी.

२२ मंगळ.

नथ्थू म्हणे, अँबेसेडरमध्ये दिव्याच्या तीनातलं हे टोक अर्थिंगचं असते. म्हणून त्यानं ते तारेनं पत्र्याले जोडलं. फट्. फ्यूज गेला.

नथ्थूचं तोंड एवढंसं झालं. अरुण म्हणे, "जाऊ द्या मिस्त्री, दुसरा आणू." घाईतला माणूस असा बोलते का? मी पाहून राहिली.

काचेच्या नळीचा फ्यूज. मी अन् कुसुम रिक्षानं इतवारीच्या बाजारात गेलो. पितळी डबा घेतला, पोट्ट्यांसाठी झबले घेतले, मंग आठवलं फ्यूजचं. रेडिओवाल्याकडे मिळाला. तो म्हणे किती देऊ, कुसुम म्हणे एकच दे, जास्त कायले.

२३ बुध.

नथ्थू आला नाही, साळ्याचं लग्न. बरं झालं. वांगे भाजले, भरीत केलं, मांगच्या अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले. कुसुम तीन रोडगे जेवली. मस्कतले सगळं भेटे म्हणे, गोवरी भेटत नसे.

अरुण पोस्टात जाऊन रायपूरच्या शाळेत फोन करून आला. सूनबाई म्हणाली, अंधारात निघू नका, दिवे नीट झाल्यावरच या. पोट्टे शेजारी बसवून शाळेत जाते बिचारी. ऐकून कुसुमनं कालचे झबले काढून पाह्यले. मंग विमलबाईच्या सुनेची गोष्ट निघाली अन् सांज कधी झाली...

२४ गुरु.

नथ्थूनं फ्यूज बसवला, बटन चालूच ठेवलं, अन् दिव्यामागच्या तारा सोडवून राहिला होता. एक तार हातून निसटली, पत्र्याले टेकली अन् दिवा भक्कन लागला. आमचे हे समोरच चहा पीत होते. अर्धा चहा धोतरावर.

नथ्थूनं तार उचलली, दिवा गेला. टेकवली, लागला. पाच-सात वेळा केलं, लहान पोरावानी. मंग मले म्हणे, "काकू, याची चाल उलटी हाये. आपल्या गाडीत बटन करंट सोडते. इथं करंट दिव्यापाशी पहिलेच येऊन उभा राह्यते, अन् डिप्परचं बटन त्याले परत जायची वाट देते. ती वाटच तुटली कुठंतरी."

कुसुम माझ्या कानाशी, "ताई, हा आता लवकरच शोधून काढीन वं."

"काढीन तं."

"याले आणखी एखादा साळा नाही काय?"

२५ शुक्र.

सापडलं. नथ्थू अन् अरुण दोघं उलटे पडून स्टेअरिंगखाली घुसले. अरुणनं मुंबईत गाण्याचं टेप बसवून घेतलं होतं. बसवणाऱ्यानं त्या परतीच्या वाटेचीच काळी तार काढली अन् भलत्याच जागी, रंगावर कसून ठेवली. रंगातून करंट जात नाही म्हणे. नथ्थूनं चाकूनं रंग खरवडला, चकचकीत पत्रा काढला, स्क्रू आवळला.

सांजेले बटन दाबलं. विमलबाईची अख्खी भिंत पांढरी झाली, तिचे वाळत घातलेले कपडेही दिसले. सगळे खुश. कुसुम आत जाऊन लुगड्यांच्या घड्या करून राहिली.

नथ्थूलेही जेवायले बसवलं. आमचे हे म्हणाले, "दिवसा निघाले असते तं सोमवारीच पोचले असते."

यावेळी चिवडा हाताशी नव्हता.

अरुण म्हणे, "मले माहीत होतं काका."

कुसुम म्हणे, "मलेही."

नथ्थू खाली पाहून, "मी पहिल्याच दिवशी बोलणार होतो. काकूंनी चहा आणला, मंग राह्यलं."

"मंग मलेच काहून चिवडा चारून राहिले गा सगळे?" हे म्हणाले. हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं.

मंग अरुण म्हणे, "आई, तुले राह्याचं तं राह्य. मी एकटा जातो."

"अन् सूनबाईले काय कारण सांगशील?"

"कारण कायले लागते?"

कुसुम वरणात भात कालवत राहिली. मी वाढायची थांबली. मले वाटलं आता हो म्हणते. मंग म्हणे, "आता नाही. पोट्टे शेजारी बसतात. पण मी येईन. अशीच येईन."

"अशीच म्हणजे?"

"म्हणजे अशीच वं ताई. काही काम नसताना."

२६ शनि.

सकाळी निघाले, चांगलं उन्ह पडल्यावर. अरुणनं भरदिवसा दिवे लावून दाखवले. रोडगे बांधून दिले, संत्रे दिले, पाय ठेवायले जागा राह्यली नाही. कुसुमले आत बसवायले यावेळी विमलबाईही लागली.

काच खाली करून कुसुम म्हणे, "संक्रांतीले येते." अरुण म्हणे, मी गाडीनं आणतो. ती म्हणे, तुले सुट्टी नसली तं मी रेल्वेत बसीन, मले काय तिकीट काढता येत नाही? एकटी ती कधी वर्ध्यालेही गेली नाही. हे मी बोलली नाही.

कॅलेंडर पाह्यलं. संक्रांत १४ जानेवारी, शनिवार.